पाण्यावर विचारायचं नसतं

आठ फेब्रुवारी, रविवार. शीड शिवायला घेतलं.

हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, टीपॉय बेडरूममध्ये ठेवलं, तरी शीड पूर्ण उघडेना. तिकोनी कापडाचं एक टोक स्वयंपाकघरात गेलं आणि एक गॅलरीत. मधोमध हातभर फाटलं होतं. मशीनवर हे काम होत नाही. कापड जाड, त्यात खाऱ्या पाण्यानं ताठरलेलं. दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन खाली बसले. नवरा सोफ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचत होता, कारण पाय खाली ठेवायला जागा नव्हती.

"किती वेळ लागेल?" त्यानं विचारलं.

"जेवणाआधी होईल."

"आधी म्हणजे?"

"दीडपर्यंत."

"मग ठीक आहे," म्हणून तो पुन्हा पेपरात गेला.

हा प्रश्न तो दिवसातून अनेकदा विचारतो. कुकरला, लिफ्टला, डॉक्टरला, सगळ्यांना विचारतो. त्यावर एवढं लिहायचं कारण असं की या एका प्रश्नापायी माझ्या माहेरची होडी एका हॉटेलच्या दारात कुंड्या घेऊन उभी राहणार होती.

माहेर डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या काठावर. गाव आता इमारतींच्या मागे गेलं आहे. रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं तर तो कॉम्प्लेक्सचं नाव विचारतो. पूर्वी प्रत्येक घराची होडी असायची. मग इंजिनं आली, मग मासे कमी झाले, मग होड्याच गेल्या. माझ्या वडिलांनी मासेमारी सोडली, पण होडी ठेवली, आणि तीही शिडाची. भरतीला काढायची, वाऱ्यावर पलीकडे भिवंडीच्या बाजूला जायचं, ओहोटी लागायच्या आत परत यायचं. ओहोटीत काठाला नुसता चिखल उरतो. भावाला यात कधी रस नव्हता. मला होता. लग्नानंतरही मी जमेल तेव्हा वडिलांबरोबर जात राहिले. पलीकडे जायला आता नवा पूल आहे, रिक्षा चहा थंड व्हायच्या आत पोचवते, मग होडीतून कशाला जायचं, असं लोक विचारतात. लोक मॉलमध्येही जातात. मी त्यांना काही विचारत नाही.

गेल्या दिवाळीनंतर वडील होडीत चढताना गुडघ्यावर चिखलात बसले आणि त्यांना उठता येईना. दोघांनी धरून घरी आणलं. त्यानंतर होडी बांधलेलीच राहिली. तेवढ्यात भावाच्या ओळखीचा एक हॉटेलवाला आला. शीळफाट्याच्या रस्त्यावर त्याचं मच्छीचं नवं हॉटेल होणार होतं आणि दारात शोभेला त्याला खरीखुरी होडी हवी होती. आत कुंड्या, कडेनं दिव्यांच्या माळा.

वडील लगेच हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "शिमग्यापरत बगू," म्हणाले. मी होडी मागितली तेव्हा मात्र त्यांनी सरळ सांगितलं.

"होरीन दोन मानसां पायजेत. एकटी बाय मी पान्यान सोरनार नाय. जावय बसंल तं होरी तुजी. नाय तं हाटेलवाला हाये."

भाऊ हसला. जावई होडीत बसणार नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

नवरा माणदेशातला. "आमच्याकडं पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघायचं," असं तो लग्नाआधी म्हणाला होता. खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक आहे. दिवसभर खिडकीत बसून कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठे पोचली, का अडकली, हे सांगायचं त्याचं काम. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर नव्या जोडीला होडीतून पलीकडच्या देवळात नेतात. पुढे काका, मागे सुकाणूवर वडील, मध्ये आम्ही दोघं. खाडीच्या मध्यावर त्याचा चेहरा पांढरा झाला. फळी घट्ट धरून बसला. पलीकडे उतरला, देवाला नमस्कार केला, आणि परतीच्या वेळी "मी रस्त्यानं येतो" म्हणाला. तेव्हा पूल नव्हता. गाड्या बदलत, कल्याणवरून फिरून, दिवेलागणीला घरी पोचला. होडी केव्हाच परत आलेली होती, जेवणं खोळंबली होती.

पुढे तो कधी होडीत बसला नाही. सासुरवाडीला येई, जेवे, काठावर उभा राहून आम्हाला जाताना बघे. वडिलांनी त्याच्यावर एक कायमची चेष्टा तयार केली: "आमच्या जावयाला बोंबीलपन डांबरी रस्त्याचाच लागतो." तो हसून बोंबील खाई.

सगळे समजत, त्याला पाण्याची भीती आहे. मीही तेच समजत होते. यात एक अडचण होती ती कोणी पाहिली नाही. त्याला माझ्यापेक्षा चांगलं पोहता येतं. लहानपणी तो विहिरीत वरून उड्या मारायचा.

वडिलांची अट मी घरी येऊन सांगितली. त्यानं पेपर खाली ठेवला.

"तुला पाहिजे का ती होडी?"

"पाहिजे."

"कुंड्या ठेवल्या तर वाईट दिसेल?"

"दिसेल."

"बघू," म्हणाला. त्याचं "बघू" म्हणजे निम्मं हो असतं.

मी नौपाड्यात एका लॅबमध्ये रक्त घेते. घाबरलेली माणसं रोज बघते. "घाबरू नका" असं मी कोणालाही म्हणत नाही. म्हटलं की माणूस जास्त घाबरतो. त्यापेक्षा काम द्यायचं. हात इथे ठेवा, मूठ आवळा, आता सोडा. हीच पद्धत मी घरी लावली.

डिसेंबरात पहिल्यांदा त्याला नेलं ते मुद्दाम ओहोटीत. होडी चिखलात टेकलेली, हलायचा प्रश्न नव्हता. आम्ही तिच्यात बसून पोळीभाजीचा डबा खाल्ला. खाली चिखलात निवट्या उड्या मारत होत्या.

"हे मासे चालतात की," तो म्हणाला.

"चालतात."

"मग मीपण चालतच येईन."

दोन लाइफ जॅकेट आणली. त्यानं त्याचं घरीच घालून सवय करायची ठरवलं आणि तसाच दार उघडायला गेला. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "साहेब, वरून पाणी सोडणार आहेत का?"

पुढच्या वेळी भरती होती, पण होडी खुंटाला बांधलेली. नुसतं हलत बसायचं. त्यानंतर दोर सोडून काठाकाठानं वल्ही मारली. यात तो चांगलाच निघाला. विहिरीचं पाणी शेंदून त्याचे दंड तयार आहेत. काठावर कोळंबी सोलत बसलेल्या बायका त्याला म्हणाल्या, "जावय, आता जालं टाका." तोही "आधी मासे तरी येऊ द्या" म्हणाला. मी मनात म्हटलं, झालं काम.

जानेवारीत एका दुपारी शीड लावलं.

वारा बरा होता. शीड भरलं आणि होडी एका अंगावर कलली. शिडाची होडी कलतेच, कललीच पाहिजे. तो माझ्यासमोर बसला होता.

"अगं, ही एवढीच कलणार की अजून?"

मी काही बोलले नाही.

"पलीकडं किती वेळ लागेल?"

मी पाण्याकडे बघत सुकाणू धरून होते.

त्यानं आणखी एकदा विचारलं. मग विचारायचं बंद केलं, फळीवरून खाली घसरला, आणि होडीच्या तळाशी बसून डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी मारली. लग्नातला तोच पांढरा चेहरा. मी होडी वळवली.

काठावर आल्यावर तो नळाखाली पाय धूत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बुडायला लागलेलो तर सांगायचं तरी."

"कोण बुडायला लागलं होतं?"

"मग गप्प का बसलीस?"

मी ओला दोर गुंडाळायला लागले.

"लग्नाच्या वेळी पण असंच. मी तुझ्या बाबांना विचारलं, किती वेळ लागेल. त्यांनी तोंड फिरवलं. काकांना विचारलं, ते पाण्यात बघायला लागले. तुझ्याकडं बघितलं तर तू मान खाली घातलीस. मी म्हटलं, काहीतरी मोठं झालंय आणि नव्या जावयाला सांगायचं धाडस कुणाला होत नाही."

मग मी त्याला सांगितलं. पाण्यावर असताना किती वेळ लागेल, कधी पोचू, पुढे काय होईल, हे विचारायचं नसतं. विचारलं तर उत्तर द्यायचं नसतं. पाणी ऐकतं, आणि ऐकलं की मुद्दाम वेगळं करतं. हुकूम चालतात: ओढ, सोड, वळव. पुढचं भाकीत चालत नाही. आमच्याकडे लहान मुलानं विचारलं तर डोक्यावर टपली बसते आणि ते मूल पुन्हा विचारत नाही.

तो एक पाय ओला, एक चिखलाचा, तसाच उभा राहिला.

"आणि हे मला कुणी सांगायचं?"

"सगळ्यांना माहीत असतं."

"सगळ्यांना म्हणजे तुम्हाला."

ते बरोबर होतं. देशावरून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या हिशोबानं नव्या जावयानं भलत्या ठिकाणी भलता प्रश्न विचारला होता आणि आम्ही मोठ्या मनानं ऐकलं नाही असं केलं होतं. पाहुण्याचा मान राखला होता. वडिलांनी त्या गप्प बसण्याचं कौतुकही केलं होतं, की कोणी त्याला बोललं नाही. तो मात्र तेवढा वेळ बुडायची वाट बघत होता.

"डेपोत गाडी लेट असली तरी सांगायचं असतं," तो म्हणाला. "दोन तास लेट आहे म्हटलं की माणूस शिव्या देतो आणि चहा प्यायला जातो. काहीच सांगितलं नाही की खिडकी फोडतो."

घरी आल्यावर मी पोहे केले आणि खाता खाता ठरवलं की इथून पुढे बोलायचं.

ठरवणं सोपं होतं. माझा त्या समजुतीवर विश्वास नाही. पण पुढच्या शनिवारी खाडीच्या मध्यावर त्यानं विचारलं तेव्हा माझं तोंड उघडेना. घरी, लॅबमध्ये, रस्त्यावर मी भरपूर बोलते. पाण्यावर जीभ आपोआप मागे जात होती. तेव्हा आम्ही मधला मार्ग काढला. निघायच्या आधी काठावर चिखलात काडीनं सगळं काढून दाखवायचं: वारा इकडून, होडी इकडे कलणार, तुम्ही वरच्या बाजूला बसायचं म्हणजे तुमच्या वजनानं ती सावरेल, पुलाच्या अलीकडे वळायचं.

"घाटात गाडी वळणावर कलते तशी?" त्यानं विचारलं.

"तशीच."

"मग तसं सांगायचं ना. घाटातली गाडी मला कळते."

पाण्यावर गेल्यावर तो ते सगळं स्वतःच मोठ्यांदा म्हणायचा, डेपोतल्या माईकवर म्हणतो तसं. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. होडी आता उजवीकडे कलेल. घाबरून उतरू नये." मी फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायची. दोनतीन खेपांनंतर मी पहिल्यांदा "दहा मिनिटं" असं बोलले आणि मागे वळून पाहिलं. खाडी होती तशीच होती. तिवरांवर बगळे बसले होते. दहाची पंधरा मिनिटं झाली, एवढंच.

मग वडिलांना निरोप दिला की येऊन बघा.

काल, शनिवारी दुपारी, भावानं आणि मी त्यांना उचलून होडीत मधल्या फळीवर बसवलं. "मी बगनार. बोलनार नाय," त्यांनी आधीच सांगितलं. भाऊ काठावर थांबला. हॉटेलवाल्याचा त्याला सकाळीच फोन येऊन गेला होता.

मी सुकाणूवर, नवरा वरच्या बाजूला, शिडाचा दोर त्याच्या हातात. "मी सोडा म्हटलं की सोडायचा, तोपर्यंत नाही," हे काठावरच ठरलं होतं. अर्ध्या वाटेपर्यंत नीट गेलो. वडील समोर होते म्हणून त्यानं माईकवरची घोषणा केली नाही. मला ते लक्षात यायला हवं होतं. कलल्यावर त्यानं दोर दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "पुलापर्यंत किती वेळ?"

वडिलांनी तोंड फिरवलं. अगदी तेव्हासारखं. आणि माझी जीभ पुन्हा मागे गेली. वडिलांच्या होडीत, वडिलांच्या समोर, मला उत्तर देता येईना. त्याचा चेहरा बदलायला लागला. तो आता खाली घसरला की होडी शीळफाट्याला गेली, हे मला दिसत होतं.

तो घसरला नाही. त्यानं खिडकीतला आवाज काढला.

"बाई, गाडीची माहिती द्या. पब्लिक थांबलंय."

"पाच मिनिटं," मी मोठ्यांदा म्हणाले. "पुलाच्या खांबांमुळे तिथे वारा फिरेल. होडी एकदम डावीकडे जाईल. मी सांगितलं की दोर सोडा."

वडील गर्रकन वळले. मी त्यांच्याकडे बघत राहिले, शिडाकडे नाही, आणि वारा पाच मिनिटं थांबला नाही. झोत आला, होडी कलंडली, एका कडेनं पाणी आत आलं. "सोडा," मी उशिरा ओरडले. त्यानं तत्काळ सोडला. शीड फडफडून डोलकाठीच्या खिळ्यात अडकलं आणि टरकन फाटलं. होडी सरळ झाली. नवरा जागेवरच बसला होता.

"फाटलं?" त्यानं विचारलं.

"फाटलं."

"बुडतोय?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि वल्ही घेतली.

वडिलांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की बोललीस म्हणून फाटलं. माझ्या मते बोलले म्हणून नाही, बोलताना भलतीकडे बघत होते म्हणून. पण हा वाद होडीत घालायचा नव्हता.

येताना नवऱ्याची पाठ काठाकडे होती. वल्ही मारणाऱ्याला पुढचं दिसत नाही. बराच वेळ त्यानं काही विचारलं नाही, मग वडिलांनाच विचारलं, "बाबा, काठ किती लांब राहिला?"

वडील गप्प. तो वल्ही मारत राहिला. मी "थोडंच" म्हणणार होते, तेवढ्यात वडिलांनी हात वर केला. दोन्ही तळवे समोरासमोर धरून मधे अंतर दाखवलं. पुढे जात गेलो तसे ते तळवे जवळ आणत गेले. तोंड उघडलं नाही. नवरा त्यांच्या हातांकडे बघत वल्ही मारत होता. तळवे एकमेकांना टेकले तेव्हा होडी खुंटाशी लागली.

काठावर वडिलांना खुर्चीवर बसवून भाऊ त्यांचे पाय धूत होता. "मग? हाटेलवाल्याला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"दोगांनी पान्याचं कान किटवलं," वडील म्हणाले. त्यांनी पाय पुसून घेतले. मग मला म्हणाले, "शीड घरा ने. शिवून आन."

भावानं फोन काढला आणि जरा बाजूला गेला.

तर ते हे शीड. दीडला नवरा स्वयंपाकघरातून डोकावला. अर्धं शिवून व्हायचं होतं.

"झालं?"

"लेट आहे."

"किती?"

"तीन वाजतील. जेवून घेऊ."

त्यानं ताटं सोफ्यावरच आणली. जेवताना त्यानं एक अट घातली: तो पुलाच्या पलीकडे कधी येणार नाही. मी हो म्हटलं. पुलाच्या अलीकडे भरपूर खाडी आहे. शीड साडेतीनला पुरं झालं. टाके वाकडे आहेत, पण पक्के आहेत.

नऊ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी तो खोपटला ड्युटीवर गेला. मी शीड रिक्षात घालून खाडीवर नेलं आणि वडिलांच्या पडवीत टांगलं. होडीतलं पाणी डब्यानं काढलं. डोलकाठीचा तो खिळा ठोकून आत बसवला. वरच्या बाजूच्या फळीला, तो बसतो तिथे, धरायला दोराची एक कडी बांधली आणि ओढून पाहिली. लॅबला पोचायला उशीर होणार होता. किती ते फोन करून आधीच कळवलं.